अक्का आणि मंडळी

नळदुर्गला हायवेच्या कडेला शांताक्काचा ढाबा आहे. तिथं गेलात तर दारातच बाजेवर पाय लांब करून बसलेली शांताक्का दिसेल. अंगावर इरकल, कपाळाला विभूती, नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर शेंगांचं सूप. येईल त्या डायव्हरला ती विचारणार, "जेवलास का रे बाबा?" आता ढाब्यात शिरलेला माणूस जेवायलाच आलेला असतो, पण विचारायची तिची सवय. या बाईच्या नुसत्या नावानं इंदूर, गुवाहाटी, कोचीची पोरं चळाचळा कापतात म्हटलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही. नका ठेवू. पण कापतात, हे खरं.

झालं असं, की गेल्या साली अक्का मोरीत घसरली आणि पाय मोडला. सोलापूरला नेऊन पायात सळई घातली. लेक शिवपुत्र हैद्राबादला नोकरीला. तो धावत आला, ढाब्यावर रामलिंग नावाचा आचारी ठेवला, वाढपी ठेवले आणि आईला सांगितलं, "आता तू काय बी करायचं न्हाय. फकस्त बसायचं." नवरा सिद्रामप्पा गेल्यापासून जिनं एकटीनं हा ढाबा चालवला, जिच्या एका हाकेसरशी चार वाढपी ताटं घेऊन धावायचे, ती बाई बाजेवर जाऊन बसली. आमटीत मीठ किती टाकू, हेसुद्धा कुणी तिला विचारीना. जो तो म्हणायचा, अक्का तुम्ही बसा. बसून बसून बाई वाळायला लागली.

शेजारच्या मोबाईलच्या दुकानात मिनाज बसते. पोरगी चुणचुणीत, तोंडाची जरा फटकळ. दुपारी जेवायला यायची, अक्काचं तोंड बघायची आणि तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. एक दिवस तिनं अक्काचा मोबाईल ओढून घेतला आणि त्यात एक खेळ टाकून दिला.

त्या खेळात एक अवाढव्य शहर आहे. माणसं अर्धी हाडामासाची, अर्धी लोखंडाची. रिक्षा हवेतनं उडतात, लाल-निळ्या पाट्या कायम पेटलेल्या, आणि पाऊस म्हणून थांबत नाही. अक्कानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "येवढा पाऊस हाय, मग पेरलंय कुठं?"

"तिथं शेत नसतंय अक्का."

"मग ही माणसं खात्यात काय?"

"कोपऱ्याकोपऱ्यावर गाडे हायेत की. नूडल्स मिळत्यात."

"शेवया म्हण की सरळ," अक्का म्हणाली. मग अर्ध्या लोखंडी माणसांकडं बोट करून म्हणाली, "ह्यात काय नवल. माझ्या बी पायात सळई हाय."

खेळाची तऱ्हा अशी. त्या शहरात कुणी चोरीमारी करून पळालं, की त्याच्या डोक्यावर इनाम लागतं, आणि त्याला धरून तुरुंगात टाकायला कंपन्या असतात. पळणारा कुठल्या तरी गावचा खराखुरा माणूस, धरणाराही तसाच, सगळे आपापल्या मोबाईलवर. एकमेकांशी बोलता येतं, शिव्या देता येतात. कंपन्यांची नावं म्हणाल तर एकात रक्त, दुसऱ्यात कवटी, तिसऱ्यात मरण. अक्कानं कंपनी काढली आणि नाव ठेवलं, 'अक्का आणि मंडळी'. बाहेरगावची पोरं मंडळी म्हणजे कसलं हत्यार, ते शोधत बसली.

मंडळी म्हणजे तिघं. एक मिनाज. दुसरे गफारभाई, समोरचे पंक्चरवाले, जन्मभर टायर काढून मनगटं लोखंडासारखी झालेली, पण मोबाईलवर अंगठा भलतीकडंच पडायचा. आणि तिसरा तुळजापूरच्या एका लॉजचा मॅनेजर गौरीशंकर. त्याला अक्कानं प्रत्यक्षात कधी बघितलेलं नव्हतं, पण त्याच्या नेमबाजीला जवाब नव्हता, आणि त्याला स्वतःला ते जरा जास्तच ठाऊक होतं. दुपारची जेवणं उरकली, रस्ता सुस्तावला, की चौघं त्या शहरात उतरायची.

अक्कानं तिथं आपल्यासाठी लांब काळा कोट घेतला, कारण इरकल मिळेना. डोक्यावर टोपडं ओढलं. "हे बी पदरच की," म्हणाली. आणि एवढी मायाळू बाई, पण शहरात उतरली की काय अंगात यायचं कोण जाणे. दयामाया नाही. कोचीचा एक पोरगा जाळ्यात सापडला तर गयावया करायला लागला, माझी उद्या परीक्षा आहे, सोडा. मिनाजनं मराठीत सांगितलं. अक्का म्हणाली, "मग हितं खेळत का बसलायस? चल आत." गेला बिचारा तुरुंगात. गुवाहाटीच्या एकानं तर तिला बघूनच हात वर केले, तरी तिनं त्याला बांधलं.

बाकीच्या कंपन्या छपराछपरावरनं उड्या मारत माग काढायच्या. अक्का कुठं जायची नाही. तिचं म्हणणं, माणूस पळून पळून पळंल किती? भूक लागली की गाड्यावर येतोयच. आणि त्या खेळात न खाता राहिलं की अंगातलं बळ खरंच उतरतं. तेव्हा ही मंडळी गाड्याच्या आजूबाजूला पावसात टोपडी ओढून उभी राहायची. शिकार यायची, बाकावर बसायची, वाटी संपवायची, उठायची, की विजेचं जाळं अंगावर. बघता बघता कंपनी पहिल्या दहात गेली.

पण अक्काचा एक नेम होता. जेवणाऱ्याला हात लावायचा नाही. खेळात तसं बंधन काही नव्हतं, हे हिचंच. एकदा गफारभाईंनी एकाच्या तोंडात घास असताना जाळं उगारलं. अक्का कडाडली, "गफारभाई, हात खाली घ्या. जेवू द्या त्याला."

"अरे, चोर है अक्का. इनाम लगेला चोर."

"चोर जेवत न्हाय व्हय?"

गफारभाईंनी जाळं खाली घेतलं. त्यामागचं कारण नळदुर्गात कुणाला सांगायची गरज नव्हती. बऱ्याच वर्षांमागं एका दुपारी अक्काचे यजमान सिद्रामप्पा जेवायला बसले होते. पहिला घास मोडला, तोच रस्त्यापलीकडनं कुणी तरी हॉर्न वाजवून हाक मारली, गाडी बंद पडलीय, जरा हात लावा. "आलोच," म्हणून ते उठले. रस्ता ओलांडताना टेम्पोनं उडवलं. इथं ताट तसंच राहिलं, भाकरी मोडलेली, आमटीवर साय धरलेली. तेव्हापासून त्या ढाब्यात जेवणाऱ्याला हाक मारायची नाही. बाहेर क्लीनरनं हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवली तरी नाही. ही रीत अक्का त्या लोखंडी शहरातही घेऊन गेली.

आणि तिथंच माती खाल्ली.

एक होता काळा कावळा. हे त्याचं खेळातलं नाव, पोरगा नागपूरचा. त्याच्या डोक्यावर शहरातलं सगळ्यात मोठं इनाम. एका दुपारी तो गाड्यावर शेवया खायला बसला आणि त्यानं मान वर केली, तर चारी बाजूंनी अक्काची मंडळी उभी. कावळ्याला वाटलं, संपलं. डोळे मिटून बसला. काहीच होईना. डोळे उघडले, तरी मंडळी उभीच. त्यानं घाबरत घाबरत आणखी एक वाटी मागवली. मंडळी उभीच.

"काऊन आंटी," त्यानं विचारलं, "पकडून नाही राहिल्या तुमी?"

"तू जेव रे बाबा," अक्का म्हणाली. "आमी हाव हितंच."

कावळा हुशार. अर्ध्या मिनिटात त्याच्या ध्यानात आलं. एकेक शेवई चोखत बसला. एवढ्यात गफारभाईंकडं ट्रकचं चाक आलं, ते गेले. तुळजापूरला भाविकांची बस उतरली, गौरीशंकर गेला. मिनाजला गिऱ्हाईक आलं. राहिली एकटी अक्का, तिचे अंगठे संथ. कावळा उठला आणि तिच्या बगलेखालनं उडाला. वर जाऊन सगळ्या शहरात बोंब ठोकली, की ही बाई जेवणाऱ्याला धरत नाही.

मग काय विचारता. शहरातले सगळे चोर हातात वाटी घेऊन फिरायला लागले. दरोडा टाकायचा, की बसला वाटी घेऊन. मंडळी दिसली की पोरं ओरडायची, "चला रे, पानं मांडा, अक्का आली." कंपनी पहिल्या दहातनं घसरली ती थेट तळाला. गौरीशंकरच्या रागाचा पारा चढला. लॉजच्या काउंटरवर बसून तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की भाविक दचकले.

"अक्का, खेळाचा हंगाम संपायला आलाय. तळाच्या कंपन्या मोडत्यात, ठाऊक हाय न्हवं? त्या कावळ्याला धरलं तरच आपण तरतोय. तो बसला की जाळं टाकायचं, खाऊ दे न्हायतर पिऊ दे. तुमच्यानं होत नसलं तर सांगा, प्रमुख मी होतो."

मिनाज त्याला काहीबाही बोलणार होती. अक्कानं हातानंच तिला थांबवलं.

त्या दुपारी ती शेंगा फोडत बसली, पण हात चालेना. हसायला काय जातंय, पण तिच्या जिवाला घोर लागला होता. ढाबा रामलिंग सांभाळायचा, हिशेब शिवपुत्र हैद्राबादहून बघायचा. दिवसभरात तिचा शब्द ऐकायला थांबलेली माणसं जगात असली तर ती एवढी तिघंच. कंपनी गेली म्हणजे पुन्हा नुसती बाज. आणि कंपनी राखायची तर घास हातात असलेल्या माणसाला उठवायचं. दोन्ही तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

समोर टेबलावर एक लठ्ठ डायव्हर जेवत होता. वाढपी नवा, उत्साही. नको नको म्हणताना त्यानं शेंगाची पोळी वाढली, वर तूप ओतलं. डायव्हरनं कशीबशी संपवली आणि गाडीकडं जायचं सोडून झाडाखाली आडवा झाला. अक्का त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं भिंतीपलीकडं हाक मारली.

"मिनाज, त्या गाड्यावर दुसऱ्याच्या पुढ्यात वाटी ठेवता येतीय का गं? आपल्याकडनं?"

"येतीय की. पण कोण ठेवतंय अक्का? दुश्मनाला कोण खाऊ घालतंय?"

"त्याला नको असलं तर?"

"बसलाय तोवर पुढं आलेलं खावंच लागतंय. नको असलं तर उठायचं."

"आणि लई खाल्लं तर?"

"जड हुतोय माणूस. पळता येत न्हाय." एवढं बोलून मिनाज थांबली. "अक्का, तुमच्या मनात काय हाय?"

"पाहुणचार हाय," अक्का म्हणाली आणि चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावळा गाड्यावर बसलेला सापडला. मंडळींनी घेरलं. तो निवांत. "या आंटी, या. मी जेवून राहिलो."

"जेव की. येकच वाटी का रे? लाजू नको." आणि त्याच्या पुढ्यात दुसरी वाटी आली.

"थँक यू आंटी," कावळा हसला. तिसरी आली. चौथी आली.

"बस आंटी."

"बस कसं? वाढत्या वयाचं पोर तू. येवढी घे, माझ्यासाठी."

"सच्ची नको ना आंटी."

"नको म्हणत्यात व्हय? आमच्यात अन्नाला नको म्हणत न्हायत. वाढा गं त्याला."

गफारभाईंना आता कुठं उमगलं. मनगटं सरसावून ते पुढं झाले. "खाओ मियाँ, शरमाओ नक्को. ये मेरी तरफ से." त्यांचा अंगठा एरवी भलतीकडं पडायचा, तो वाढताना मात्र एकदाही चुकला नाही. मिनाज म्हणाली, "दादा, ह्यात कोथिंबीर जास्त हाय, चव तर बघा." गौरीशंकर मात्र हात आखडून होता. त्याला ही थेरं पटत नव्हती. शेवटी त्याला राहवेना. लॉजवर जन्म गेलेला माणूस, पाहुणा समोर दिसला की हात थांबतोय होय? "देवीचा प्रसाद समजून घ्या साहेब," म्हणून त्यानंही एक वाटी सरकवली. वाट्यांची उतरंड लागली. गाड्यावरचं शेवया करणारं चार हातांचं यंत्रसुद्धा दमलं.

ऐन रंगात रामलिंग आपला मोबाईल घेऊन आला. शिवपुत्रचा फोन. अक्कानं मानेत धरला.

"आई, काय करायलीस?"

"पंगत वाढायलीय."

"तुला बसायला सांगितलं हुतं न्हवं?"

"बसूनच वाढायलीय. ठेव फोन, माणसं खोळंबलीत."

शहरात कावळ्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. खेळातला माणूस धापा टाकत होता, आणि नागपुरात बसलेला पोरगाही, उगाच. पळायला उठावं तर पाय उचलेना, बसावं तर वाटी येई. "आंटी, हात जोडतो," तो म्हणाला. "माह्या घरी आजीसुद्धा इतकं नाही वाढत. मी उठून राहिलो."

"सोताहून उठलास न्हवं? आमी उठवलं न्हाय?"

"सोताहून उठलो, आंटी. तुमच्या पाया पडतो."

"पोट भरलं?"

"गळ्यापर्यंत."

"मग त्या पन्हाळीखाली हात धुऊन घे."

कावळ्यानं मुकाट हात धुतले.

"टाक गं जाळं, मिनाज," अक्का म्हणाली.

कंपनी तरली. नुसती तरली नाही, हंगामाच्या शेवटाला पहिल्या तिनात गेली. गौरीशंकरनं सगळ्यांदेखत कबूल केलं, की अक्का, चुकलं माझं, इथनं पुढं तुम्ही म्हणाल तसं. कावळ्यानं तुरुंगातनं निरोप धाडला, सुटलो की मला मंडळीत घ्या. बाजेवर बसल्या जागी तिनं रामलिंगला हाक मारून आमटीचं मीठ चाखायला मागवलं, आणि रामलिंगनं आणून दिलं.

नवा हंगाम सुरू झाला. पहिल्याच दुपारी मंडळी शहरात उतरली आणि नेहमीच्या गाड्याकडं निघाली. लांबनं काळा कोट दिसला मात्र, बाकावरची पोरं ताडकन उठली. हातातल्या वाट्या तशाच टाकल्या आणि वाट फुटेल तिकडं पळाली. एकजण तर नुकताच बसला होता. त्याची वाटी वाफाळत होती, काडीला पहिली शेवई गुंडाळलेली. तीही तशीच राहिली.

गफारभाई खो खो हसले. "देखो, कैसे भाग रहे."

दुसऱ्या गाड्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. साऱ्या शहरात अक्काची अशी दहशत बसली, की ती दिसली की माणसं घास टाकून उठायची. आणि उपाशी माणूस पळून पळून जाणार किती? चार गल्ल्यांत गुडघे टेकायचा. मंडळी नुसती जायची आणि उचलून आणायची. गौरीशंकर खूश. म्हणाला, "अक्का, असंच चाललं तर आपण पहिलं. देशात पहिलं."

अक्काचा काळा कोट गाड्यापुढं उभा होता. बाकावर अर्ध्या अर्ध्या वाट्या, त्यांत पाऊस पडत होता. तिला रडू आलं. चष्मा काढून तिनं पदरानं डोळे पुसले. मोबाईल ठेवून द्यावासा वाटला तिला. कुणाला ताटावरनं उठवायचं नाही म्हणून एवढं सगळं केलं, आणि आता अख्खं शहर तिच्याच नावानं ताटावरनं उठत होतं.

"मंडळी," ती म्हणाली, "गाड्याकडं पाठ करा."

"म्हंजे?" गौरीशंकरनं विचारलं.

"तोंडं तिकडं फिरवा. त्यांना दिसू दे, की आमी बघत न्हाय. ती येऊन जेवतील तोवर आमी पाठ करून उभं राहायचं."

"अक्का, पाठ केली तर ती खाऊन पळून जातील की. एक बी घावायचा न्हाय. कंपनी पुन्हा तळाला जाईल, आणि ह्या टायमाला राहायची न्हाय."

"न राहू दे," अक्का म्हणाली. "कंपनी गेली तर मी बाजेवर बसंन. बसायची सवय हाय मला आता."

मग गफारभाईंचा रुंद लोखंडी माणूस हळूच वळला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मिनाज वळली. गौरीशंकरनं एक लांब सुस्कारा सोडला, तो तुळजापूरहून नळदुर्गापर्यंत ऐकू आला, आणि तोही वळला. अक्कानं शहरभर ऐकू जाईल असा आवाज लावला. "पोरांनो, या. जेवून घ्या. आमची पाठ हाय."

आधी कुणी येईना. मग एक आलं. मग दोघं आले. बाक पुन्हा भरला. मंडळी पावसात भिंतीकडं तोंड करून उभी, आणि मागनं शेवया ओढल्याचे आवाज यायला लागले. अक्कानं डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिली.

थोड्या वेळानं बाक सरकल्याचा आवाज आला, मग पावलांचा. गौरीशंकर कळवळून म्हणाला, "अक्का, पळायलेत ती."

"जेवून पळायलेत न्हवं?" अक्का म्हणाली. "पळू दे. जरा लांब गेली की धरू."